जवळीक, चित्रपटातील

पडद्यावरील दोन पात्रांमधला जिव्हाळा, ओढ किंवा दुरावा संवादावर न सोपवता कॅमेऱ्याची जागा, लेन्स आणि चौकटीची मांडणी यांतून दाखवण्याची रीत. पुण्यात तिचा अभ्यास आणि वापर दोन्ही जुने आहेत. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. तिच्याच आवारात १९६० मध्ये आजची एफटीआयआय ही चित्रपट-शिक्षण संस्था सुरू झाली.

क्लोजअप घेतला की जवळीक आली, हा समज अपुरा आहे. प्रभातच्या ‘अमृतमंथन’च्या (१९३४) हिंदी आवृत्तीत व्ही. शांताराम यांनी राजगुरूच्या भूमिकेतील चंद्रमोहन यांचा डोळा पडदाभर दाखवला. त्यातून माया नव्हे, दहशत निर्माण होते. अंतर घटले की भावना तीव्र होते एवढेच खरे. ती कोणती, हे मागचे-पुढचे शॉट आणि पात्राची नजर ठरवते.

दोघांच्या संभाषणात ओव्हर-द-शोल्डर शॉटचे महत्त्व फार. बोलणाऱ्याच्या चेहऱ्याबरोबर ऐकणाऱ्याचा खांदा किंवा कानाची कड चौकटीत असते, तोवर ती माणसे एकमेकांशी बांधलेली वाटतात. बोलणे विकोपाला जाताच तो खांदा वगळून प्रत्येकाला स्वतंत्र चौकटीत घेतले, तर एकही शब्द न बदलता नाते तुटल्याचे जाणवते. समेटाच्या वेळी दोघे पुन्हा टू-शॉटमध्ये आले, की मिठीचीही गरज उरत नाही. कॅमेरा दोघांच्या नजरेच्या रेषेला जितका लगटून, तितका चेहरा समोरून दिसतो आणि प्रेक्षक जणू ऐकणाऱ्याच्या जागी बसतो. बाजूने घेतलेल्या शॉटमध्ये तो तिऱ्हाईत साक्षीदार राहतो.

लेन्सचा परिणाम अधिक सूक्ष्म असतो. दुरून लांब लेन्सने टिपल्यास मागे-पुढे उभी असलेली माणसे एकमेकांना खेटून असल्यासारखी दिसतात, मागचा परिसर धूसर होतो. रुंद लेन्सने तेवढाच मोठा चेहरा हवा असेल, तर कॅमेऱ्याला माणसाच्या अगदी पुढ्यात जावे लागते; तिथे प्रेक्षकाची सलगी वाढते, पण माणसामाणसांतले अंतर ताणले जाते. एफटीआयआयचे दिग्दर्शक मणी कौल आणि छायालेखक के. के. महाजन यांनी ‘उसकी रोटी’त २८ आणि १३५ मिलिमीटरच्या दोनच लेन्स वापरल्या. बसचालक नवऱ्याची भाकरी घेऊन थांबलेल्या बालोचे प्रत्यक्ष जगणे आणि तिच्या मनातले जग यांसाठी आरंभी लेन्स वेगळ्या ठेवल्या. पुढे ही वाटणी हळूहळू उलटत जाते. प्रतीक्षेतील जवळीक इतक्या कमी साधनांत क्वचितच कोणी मांडली असेल.

अविनाश अरुण हे एफटीआयआयमध्ये घडलेले छायालेखक. त्यांच्या ‘किल्ला’त (२०१४) वडील गमावलेला मुलगा आणि बदलीमुळे कोकणात आलेली आई यांच्या दुःखाला समुद्र, पाऊस आणि किल्ल्याचा विस्तीर्ण परिसर लाभला आहे. मोठ्या चौकटीत माणूस लहान दिसतो, त्यामुळे त्याला सोबतीची किती गरज आहे ते लाँग शॉटही सांगू शकतो. अशा शॉटला पडद्यावर पुरेसा वेळ मिळावा लागतो. घाईने कापल्यास तो केवळ स्थळदर्शन ठरतो.