भांगातली पांढरी रेघ

खामगावात पार्लरच्या पाट्या लागण्याआधीपासून आमच्या घरात केस रंगायचे. आजी आदल्या रात्री लोखंडी कढईत आवळकाठी भिजत घाली. सकाळी पाणी शाईसारखं काळं! आवळ्यातल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग उतरतो. जुन्या काळची शाईही अशीच बनायची. त्याच पाण्यात ती मेंदी कालवी. नुसत्या मेंदीनं पांढरे केस केशरी होतात, मग आम्ही नातवंडं चिडवायला मोकळी.

पुढं कलपाची पुडी आली. फ्रान्समध्ये यूजीन श्यूलेरनं १९०७ साली प्रयोगशाळेत केसांचा रंग बनवला, त्याच कुळातली ही. आई ती वाटीत कालवून जुन्या टूथब्रशनं फक्त भांगाला लावायची. कपाळावरचा डाग दोन दिवस हटत नसे.

आता मी पार्लरात जाते. पण केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतात आणि माझी पुढची फेरी दीड महिन्यानं. मध्येच कुणाचं लग्न निघालं तर? भांग बाजूला पाडते, काजळाचं बोट रेघेवरून फिरवते. परवा मात्र माळ्यावरची कढई काढून घासली.