यातला कीचक कोण?

आमच्या कर्जत-खालापूरकडच्या माणसाला शब्दांचे खेळ नवे नाहीत. मी कुठेही 'कर्जतचा' म्हटलं की कुणीतरी विचारतंच, "किती कर्जात?" आपण हसून सोडून देतो. पण एका बोलण्यात दोन अर्थ ठेवायची हीच युक्ती इंग्रज सरकारला मात्र हसून सोडता आली नाही. आजचा एपिसोड त्याचाच.

साल १९०७. टिळकांचे 'केसरी'तले सहकारी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं. गोष्ट महाभारतातली, सगळ्यांना पाठ. पांडव वेष पालटून विराटाकडे राहतात. द्रौपदी तिथे सैरंध्री नावाने दासी असते. राजाचा मेहुणा कीचक तिच्यावर डोळा ठेवतो आणि शेवटी भीम त्याचा निकाल लावतो. यात इंग्रजाचं नावसुद्धा नाही.

पण बघणाऱ्यांच्या मनात काय होतं? दोनच वर्षांपूर्वी लॉर्ड कर्झनने बंगालची फाळणी केली होती. काँग्रेसमध्ये मवाळ-जहाल वाद पेटला होता. त्यामुळे कीचक बोलायला लागला की लोकांना कर्झन दिसायचा. सबुरीने घेणारा धर्मराज म्हणजे मवाळ, मुठी आवळणारा भीम म्हणजे जहाल आणि द्रौपदी म्हणजे देश. अर्धा अर्थ रंगमंचावर, अर्धा प्रेक्षकाच्या डोक्यात. आणि जे आपलं आपण जुळवतो, ते जास्त पटतं ना!

सरकारची पंचाईत बघा. बंदी घालायची तर कबूल करायचं की कीचक आमच्यासारखा दिसतो! पण डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा खून झाला, तोही नाटकाच्या थिएटरात. १९१० मध्ये सरकारने १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा काढला आणि 'कीचकवध' बंद केलं.

पुढे दादा कोंडक्यांनी हीच युक्ती हसवायला वापरली. वाक्य सरळ, चावटपणा ऐकणाऱ्याच्या डोक्यात. मग सेन्सॉरने कात्री लावायची कशाला?

पण मला एक गोष्ट खटकते. "मी तसं म्हटलंच नाही" ही पळवाट ग्रुपवर कुणाच्या जातीवरून, रंगावरून टोमणा मारणाराही वापरतो. खाडिलकरांच्या काळात सरळ लिहिलं तर तुरुंग होता. १९०८ मध्ये टिळकांना लेखांवरूनच सहा वर्षांची शिक्षा झाली. बलवानासमोर दुहेरी अर्थ ही ढाल असते. दुबळ्यावर वापरला तर तो नुसता भेकडपणा.

तेव्हा पुढचा जोक फॉरवर्ड करण्याआधी एवढंच बघा, यातला कीचक कोण?