परिचारिकेचे शिक्षण आणि तिचा वेळ

डॉक्टर दिवसातून एकदोन वेळा रोग्यापाशी येतो. पाळीभर त्याच्या उशाशी असते ती परिचारिका. तेव्हा तिला काय येते आणि काय येत नाही, हा केवळ तिच्या नोकरीचा प्रश्न नव्हे. कधी ना कधी रुग्णालयाची पायरी चढणाऱ्या आपणां सर्वांचा तो प्रश्न आहे. कामगार चळवळीत वावरणारे आम्ही या विषयाला हात घालतो तो एवढ्याचसाठी की, शिक्षणाचा प्रश्न हा अखेर वेळेचा प्रश्न असतो. आणि कामकऱ्याच्या वेळेवर हक्क कोणाचा, हा आमचा जुनाच वाद आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावे क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी लोकांनी सुमारे ४५ हजार पौंडांचा निधी जमविला. त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. शिक्षण एका वर्षाचे होते. परंतु बाईंची दृष्टी त्या वर्षापलीकडे पाहणारी होती. १८७२ पासून त्या शाळेच्या परिचारिकांना पत्रे लिहू लागल्या. प्रशिक्षण संपले म्हणजे शिकणे संपले असे नव्हे, पाऊल सतत पुढे पडले पाहिजे, हा त्या उपदेशाचा गाभा होता. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी की, ही पद्धत जगभर पसरली तशी शिकाऊ मुलगी म्हणजे स्वस्तातले दोन हात, असा हिशेब अनेक रुग्णालयांनी केला. दिवसभर वॉर्डात राबावे आणि उरल्या वेळात पुस्तक उघडावे, ही रीत तेव्हापासूनची आहे.

आपल्या देशात १९०८ साली प्रशिक्षित परिचारिकांची संघटना स्थापन झाली. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदनाचा संसार मांडला. पुढे सेवासदनाच्या स्त्रिया परिचर्येचे शिक्षण घेण्यास ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. परक्याच्या जखमा धुणे हे घरंदाज बाईचे काम नव्हे, असे मानणाऱ्या समाजात ते धैर्याचेच पाऊल होते. मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला. तरी गरज आणि पुरवठा यांचे अंतर केवढे होते, हे १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने दाखविले: साऱ्या देशात सुमारे ७,००० परिचारिका, म्हणजे ४३ हजार माणसांमागे एक! त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवीशिक्षण सुरू झाले, आणि १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला.

पदवी मिळाली, नोंदणी झाली. पण वॉर्ड स्थिर राहिला नाही. पेनिसिलिन नवे असताना ते दर तीन-चार तासांनी टोचावे लागे, आणि सुया उकळून घ्याव्या लागत. पुढे एकदाच वापरून टाकायच्या सुया आल्या. एड्सच्या साथीने प्रत्येक रोग्याचे रक्त सांभाळून हाताळण्याची शिस्त लावली. २०२० च्या कोरोनाने अनेकींना कृत्रिम श्वासाच्या यंत्रापुढे उभे केले. वीस वर्षांपूर्वी शिकलेल्या विद्येवर आजचा रोगी सांभाळता येत नाही, हे कोणी वेगळे सांगावयास नको.

म्हणूनच भारतीय परिचर्या परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत १५० तास शिक्षणाची अट घातली. अट रास्त आहे. आमचा प्रश्न तिच्यापुढचा आहे. हे तास कोणाच्या खिशातले? रात्रपाळी करून आलेली बाई डोळ्यांवर पाणी मारून व्याख्यानाला बसते, साप्ताहिक सुट्टी त्यात घालविते आणि शुल्कही स्वतः भरते, तेव्हा हाती उरते ते प्रमाणपत्र, विद्या नव्हे.

थोडा हिशेब मांडू. १५० तासांचे वर्षाला ३० तास होतात, म्हणजे आठ तासांच्या चार पाळ्याही भरत नाहीत. शंभर परिचारिका असलेल्या रुग्णालयास वर्षाला ३,००० तास, म्हणजे ३७५ पाळ्या लागतील. दिवसाला सरासरी एक. रजा व सुट्ट्या धरल्या तरी शंभरांमागे एक-दोन परिचारिका अधिक नेमल्या की साऱ्या जणींचे शिक्षण कामाच्या वेळात होते. एवढा भार न पेलणारे रुग्णालय क्वचितच असेल.

ही मागणी नवीनही नाही. जे. जे. रुग्णालयसमूहातील कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली रुग्णालय हा उद्योग ठरविला. १९७० साली त्याच न्यायालयाने ही भूमिका सोडली, आणि १९७८ साली पुन्हा घेतली. सेवा पवित्र असली तरी सेवा करणारा माणूस कामगारच असतो, हे सिद्ध करण्यास एवढे हेलपाटे पडले. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९७४ साली पगारी शैक्षणिक रजेचा करार केला. १९७७ साली खास परिचारिकांसाठी केलेल्या करारात शिक्षण आणि कामाची स्थिती यांचा विचार एकत्रच केला. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हेच त्यातून दिसते.

२०२३ साली संसदेने परिचर्येसाठी नव्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. कायदे बदलतात, परिषदा बदलतात. पहाटे चारला सलाइनकडे पाहणारी नजर मात्र ताजी हवी आणि जाणती हवी. ताजेपणासाठी विश्रांती लागते, जाणतेपणासाठी शिक्षण. एकीसाठी दुसरीचा बळी द्यावयास लावणारी व्यवस्था रोग्याचाही घात करते. म्हणून शिक्षणाचे तास हे कामाचेच तास होत, ही मागणी परिचारिकांनी करावी आणि नागरिकांनी ती आपली मानावी, एवढेच आमचे सांगणे आहे.