मल्लाचा खुराक आणि चाहत्यांची निष्ठा

भाईंदरहून चर्चगेटच्या गाडीत बसले की मीरा रोड, दहिसर, बोरिवली आणि मग चौथे स्थानक कांदिवली. तेथे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. त्या केंद्रात तयार झालेल्या नरसिंग यादव या मल्लाचे नाव २०१६ च्या जुलैमध्ये साऱ्या देशाच्या तोंडी झाले. त्या दिवसांत आम्ही मीरा-भाईंदरकर गाडीत, दुधाच्या दुकानावर, नाक्यावर जे बोललो ते आज आठवले तर थोडे ओशाळल्यासारखे होते. कोणी ‘घातपात’ म्हणाले, कोणी ‘चोर’ म्हणाले. चौकशीचा निकाल येईपर्यंत थांबावे, असे म्हणणारा मात्र विरळाच भेटला.

खेळाचा इतिहास लिहिणारे बहुधा खेळाडूंचा इतिहास लिहितात. कोण जिंकला, कोणी कोणास चीत केले, कोणत्या साली कोणता चषक कोणाकडे गेला, याच्या याद्या आपल्यापाशी पुष्कळ आहेत. परंतु कडेला उभे राहून ओरडणाऱ्या माणसांचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाही. आपला लाडका खेळाडू निषिद्ध द्रव्याच्या आरोपात सापडला म्हणजे ही माणसे काय करतात, आणि तसे का करतात, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे. नरसिंग दोषी होता की निर्दोष, याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही.

हा प्रश्न नवा आहे असेही नाही. महाभारतातील गदायुद्ध आठवावे. नाभीखाली प्रहार करू नये हा गदायुद्धाचा नियम. अर्जुनाने आपल्या मांडीवर थाप मारून खूण केली आणि भीमाची गदा दुर्योधनाच्या मांडीवर पडली. पांडवांच्या पक्षाने जयघोष केला. बलराम तेवढा नांगर उगारून धावला, कारण तो दोघांचाही गुरू होता आणि नियम मोडलेला त्याने डोळ्यांनी पाहिला होता. कृष्णाने त्यास आवरले, भीमाच्या प्रतिज्ञेची आठवण दिली. तरी त्याचे समाधान झाले नाही व तो द्वारकेस निघून गेला. जयघोष करणारे आणि निघून जाणारा, असे दोन प्रकारचे प्रेक्षक त्या कथेने आपल्यापुढे ठेवले आहेत. पहिल्या प्रकारचे पुष्कळ असतात, दुसऱ्या प्रकारचा एखादाच असतो.

तथापि बलरामाची एक सोय होती. जे घडले ते त्याच्या डोळ्यांदेखत घडले. उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात चाहत्याला काहीच दिसत नाही. येथे आपल्याला महाराष्ट्राच्या तालमीकडे वळले पाहिजे.

तालमीत ‘खुराक’ या शब्दाला मोठे वजन आहे. दूध, तूप, बदाम, थंडाई हा मल्लाचा आहार. पण तो केवळ त्याचा खाजगी आहार नव्हता. राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात मल्लांना आश्रय दिला, युरोपच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आल्यावर खासबागेचे मैदान बांधविले, आणि १९१२ मध्ये ते पुरे झाले, हे सर्वश्रुत आहे. संस्थाने गेली, तरी गावोगाव ती रीत निराळ्या रूपाने टिकली. गावचा मल्ल म्हणजे गावाने पोसलेला मल्ल. कोणाच्या गोठ्यातून त्याला दूध जाते, तूप कोणी दिले, बदामाचे पैसे कोणी भरले, हे पारावर बसणाऱ्यांना ठाऊक असे. मैदानात तो उतरला की त्याच्या अंगातील ताकदीत आपलाही वाटा आहे, ही भावना कुस्तीशौकिनाच्या मनात असे, आणि ती खोटी नव्हती. त्याची निष्ठा माहितीवर उभी होती.

हीच निष्ठा कोल्हापुरात फुटबॉलच्या मैदानावरही गेली. फुटबॉल हा पलटणींबरोबर आलेला खेळ; मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली आणि लष्करी नसलेला पहिला भारतीय संघ ती जिंकायला १९३७ साल उजाडावे लागले. तो संघ बंगळूरचा होता. परंतु कोल्हापूरकरांनी हा परका खेळ आपलासा केला तो तालमीच्या द्वारे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे आज शाहू स्टेडियमवर फुटबॉल संघांची म्हणून घुमतात. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांची चुरस त्या मैदानावर पाहावी. संघ हरला तर पेठ हरली! क्लबाचा चाहता ही काय चीज आहे, हे मराठी माणसाला समजून घेण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही.

आता नरसिंगकडे परत येऊ. त्याचे वडील उत्तर प्रदेशातून मुंबईस आले आणि त्यांनी जोगेश्वरीस दुधाचा धंदा केला. मुलगा कुस्तीत वाढला. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक घेतले, २०११, २०१२ व २०१३ असा सलग तीन वेळा तो महाराष्ट्र केसरी झाला, राज्याच्या पोलीस दलात उपअधीक्षक झाला. २०१५ मध्ये लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्यपदक मिळवून त्याने रिओ ऑलिंपिकची जागा देशासाठी मिळविली. त्याच गटात दोन ऑलिंपिक पदकांचा मानकरी सुशीलकुमार होता. आपल्याला निवड चाचणी द्यावी ही त्याची मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०१६ मध्ये फेटाळली. त्यामुळे चाहत्यांचे दोन तट आधीच पडले होते.

जुलैच्या अखेरीस बातमी आली. २५ जून आणि ५ जुलै रोजी घेतलेल्या नमुन्यांत मेथॅन्डिनोन हे स्नायू वाढविणारे द्रव्य सापडले होते. सोनीपतच्या शिबिरात आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, असे नरसिंगने सांगितले व पोलिसांत तक्रार दिली. १ ऑगस्टला राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या समितीने ते म्हणणे मान्य करून त्यास मोकळे केले. इकडे आनंद झाला. परंतु जागतिक संस्था क्रीडा लवादाकडे गेली, आणि १८ ऑगस्टला, त्याच्या पहिल्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओमध्ये लवादाने चार वर्षांची बंदी घातली. घातपाताचा खरा पुरावा पुढे आलेला नाही. द्रव्याचे प्रमाण पाहता ते गोळीच्या रूपाने पोटात गेले असावे असे तज्ज्ञाचे मत आहे, असे लवादाने म्हटले.

या तीन आठवड्यांत चाहत्यांचे मन कसे फिरले ते पाहण्याजोगे आहे. पहिल्या दिवशी जे ‘घातपात’ म्हणाले त्यांच्यापाशी पुरावा नव्हता. जे ‘चोर’ म्हणाले त्यांच्यापाशीही प्रयोगशाळेच्या एका ओळीपलीकडे काही नव्हते. १ ऑगस्टचा निकाल पहिल्यांना पवित्र वाटला आणि दुसऱ्यांना संशयास्पद. १८ ऑगस्टचा निकाल नेमका उलट. न्यायाची पद्धत कोणीच पाहत नव्हते, फळ तेवढे पाहत होते. आणखी एक गोष्ट आमच्या कानांवर आली, ती सांगणे जड जाते. पण सांगितली पाहिजे. ज्यांनी तीन वेळा ‘महाराष्ट्राचा केसरी’ म्हणून त्याचा गौरव केला होता, त्यांच्यापैकी काहींच्या बोलण्यात बंदीनंतर तो एकाएकी ‘उत्तरेकडचा’ झाला. आमचे शहर आगरी-कोळ्यांचे, मिठागरांचे, आणि नंतर चहूकडून आलेल्या लोकांचे. अशा शहरात हे वाक्य केवळ कुस्तीपुरते राहत नाही. जिंकलेला आपला आणि पडलेला परका, हा हिशेब शेजाऱ्याशी शेजाऱ्याने करावयाचा नसतो.

पुढच्याच वर्षी असाच प्रसंग पुण्याच्या एका व्यावसायिक फुटबॉल संघावर आला. डीएसके शिवाजियन्स हा संघ तेव्हा आय-लीगमध्ये खेळत होता आणि त्याचा गोलरक्षक होता भारताचा माजी कर्णधार सुब्रत पाल. २०१७ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय संघाच्या मुंबईतील शिबिरात त्याचा नमुना घेण्यात आला आणि एप्रिलच्या अखेरीस त्यात टर्ब्युटालिन सापडल्याची बातमी फुटली. हे द्रव्य दम्यावर व खोकल्यावर देतात. आपल्याकडे मिळणाऱ्या कित्येक खोकल्याच्या औषधांत ते असते. आपण डॉक्टरांनी दिलेले औषध घेतले होते, असे पालचे म्हणणे होते. चार दिवस गवगवा झाला. आदल्या वर्षीच अर्जुन पुरस्कार मिळालेला हा खेळाडू एका रात्रीत ‘डोपिंगवाला’ झाला. याच पालने २००४ च्या डिसेंबरात लोकांच्या रोषाची चव एकदा घेतली होती. बंगळूरला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात त्याच्याशी टक्कर होऊन गोव्याच्या धेंपो संघाचा क्रिस्तियानो ज्युनियर मैदानावर कोसळला व मरण पावला होता.

आणि २०१७ मध्ये शेवट काय झाला? पालची कारकीर्द संपली नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जमशेदपूरच्या नव्या संघाचा गोलरक्षक म्हणून तो उभा राहिला. आरोपाची बातमी ज्यांनी चवीने वाचली त्यांपैकी कितीजणांनी हा शेवट वाचला असेल? शिवाजियन्सही त्या मोसमानंतर राहिले नाहीत. ज्या संघाच्या नावाने वाद झाला तोच नाहीसा झाला, आणि लोकांच्या स्मरणात उरला तो केवळ आरोप.

जगात इतरत्र याहून निराळे घडते असे नाही. १९९४ च्या विश्वचषकात माराडोनाच्या नमुन्यात एफेड्रिन सापडून त्यास काढून टाकले, तेव्हा अर्जेंटिनापासून हजारो कोसांवर असलेल्या ढाक्यात हजारो लोक निषेधासाठी रस्त्यावर आले. त्यांतील बहुतेकांनी त्याला दूरदर्शनच्या पडद्याखेरीज कोठे पाहिलेही नसेल. इटलीत १९९८ मध्ये रोमा संघाचा प्रशिक्षक झेमान याने फुटबॉलने औषधांच्या दुकानांतून बाहेर पडावे असे जाहीरपणे म्हटले. तूरिनच्या सरकारी वकिलाने युव्हेंटस क्लबाची चौकशी आरंभिली, तो क्लबात २८१ प्रकारची औषधे सापडली. क्लबाचे डॉक्टर २००४ मध्ये दोषी ठरले, २००५ मध्ये अपिलात सुटले, आणि २००७ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा मुदत उलटल्यामुळे शिक्षेचा प्रश्नच उरला नाही. इतक्या वर्षांच्या खटल्यातून युव्हेंटसच्या चाहत्यांनी ‘सुटले’ हा शब्द उचलला आणि प्रतिस्पर्ध्यांनी ‘औषधांचे दुकान’ हा शब्द उचलला. निकालपत्र दोघांनीही बाजूस ठेवले.

या सर्व उदाहरणांवरून चाहता हा मूर्ख प्राणी आहे असा निष्कर्ष कोणी काढील. आम्हांला तो मान्य नाही. आमच्या मते येथे एक ऐतिहासिक स्थित्यंतर झाले आहे. पूर्वी खुराक गावाच्या डोळ्यांसमोर होता. आता खेळाडू शिबिरात राहतो, त्याचा आहार तज्ज्ञ ठरवितो, ताकदीची भुकटी डब्यातून येते, औषध क्लबाचा डॉक्टर देतो आणि तपासणी दूरच्या प्रयोगशाळेत होते. चाहत्याच्या हातातून माहिती गेली आणि निष्ठा तेवढी उरली. ज्याला माहिती नाही पण निष्ठा आहे, त्याच्यापुढे दोनच सोपे मार्ग असतात. एक, आपल्या माणसाविरुद्ध कट झाला असे मानणे. दुसरा, तो आपला कधी नव्हताच असे म्हणणे. दोन्ही मार्गांनी मनाची वेदना थांबते, म्हणून लोक त्या मार्गांनी जातात.

तिसरा मार्ग कठीण आहे. पण तो आहे. आपल्या खेळाडूवर प्रेम ठेवून चौकशीचीही मागणी करता येते. शिबिराच्या स्वयंपाकघरावर देखरेख कोणाची होती? क्लबाचा डॉक्टर कोणते औषध देतो याची नोंद राहते काय? खेळाडूला निषिद्ध द्रव्यांची यादी त्याला समजेल अशा भाषेत कोणी समजावून दिली होती काय? हे प्रश्न चाहत्यांनी विचारण्याचे आहेत. भारतात उत्तेजकविरोधी कायदा २०२२ मध्ये झाला. परंतु कायदा असला तरी खेळाडूभोवतीच्या व्यवस्थेला जाब विचारणारे लोक लागतात. आणि निकाल लागला म्हणजे, तो आवडो वा न आवडो, आरोपाइतकाच मोठ्याने तो सांगणे हेही चाहत्याचेच काम आहे.

हे सारे आम्ही इतक्या आग्रहाने का सांगत आहोत? संध्याकाळी मीरा रोडच्या किंवा भाईंदरच्या कोणत्याही व्यायामशाळेत डोकावून पाहावे. सोळा-सतरा वर्षांची मुले भुकटीचे डबे पिशवीत घेऊन येतात. डब्यात काय आहे ते त्यांना ठाऊक नसते, त्यांच्या आईबापांनाही नसते. मेथॅन्डिनोनसारखी द्रव्ये यकृतास अपाय करतात, रक्तदाब वाढवितात, वाढत्या वयातील हाडांची वाढ वेळेआधी थांबवितात. या मुलांचा नमुना घ्यायला कोणतीही संस्था येणार नाही, कोणताही लवाद त्यांच्यासाठी बसणार नाही. २०१६ मध्ये घरातील मोठी माणसे जे बोलली ते या मुलांनी ऐकले. ‘सगळेच घेतात, हा सापडला’ हे वाक्य त्यांनी ऐकले असेल तर त्यांनी त्यातून काय घेतले असेल?

नरसिंगची बंदी २०२० मध्ये संपली आणि तो पुन्हा मॅटवर उतरला. त्या वेळी आमच्या नाक्यावर फारशी चर्चा झाल्याचे आम्हांस स्मरत नाही. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दोन तट पाडून भांडण केले होते, त्यांना तो परत आल्याची वार्ताही नसावी. गावाने पोसलेल्या मल्लाची गाव अशी विसर पडू देत नसे. तो हरून आला तरी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी दूध जात असे, आणि दूध घेऊन जाणारा त्याला विचारीत असे, ‘काय रे, कुठे चुकलं?’ तो प्रश्न विचारण्याची सवय आपल्या शहरात पुन्हा लागावी, आणि तिची सुरुवात आपापल्या घरच्या मुलापासून व्हावी, एवढेच आमचे सांगणे आहे.