विदर्भकन्येचें विरळ नांव : लोपामुद्रा

मुलीच्या बारशाला नांव शोधूं लागलें म्हणजे रुक्मिणी व दमयंती या विदर्भाच्या कन्या सहज आठवतात. त्याच विदर्भाची कन्या म्हणून महाभारतांत वर्णिलेली लोपामुद्रा मात्र पाळण्यापर्यंत क्वचितच पोहोंचते. पैनगंगेच्या उत्तरेस, यवतमाळ जिल्ह्यांतील महागांवासारख्या गांवीं रुक्मिणी कोणास परकी वाटणार नाहीं. परंतु अंगणांतून 'लोपामुद्रे' अशी हांक आली तर शेजारीं नवल वाटेल. शिवाय नांवाच्या आरंभींच 'लोप' म्हणजे नाहींसें होणें! असा शब्द मुलीच्या नांवांत असावा काय, ही शंका विचार करण्याजोगी आहे.

रूढ व्युत्पत्ति वनपर्वांतील कथेवर आधारलेली आहे. संतति नसल्यामुळें आपले पितर खड्ड्यांत अधोमुख लोंबत आहेत, असें अगस्त्यांनीं पाहिलें. मनाजोगी स्त्री मिळेना, तेव्हां त्यांनीं निरनिराळ्या प्राण्यांचे उत्तमोत्तम अवयव घेऊन एक कन्या निर्मिली व अपत्यासाठीं तप करणाऱ्या विदर्भराजास दिली. ज्यांचें सौंदर्य घेतलें, त्यांची मुद्रा, म्हणजे विशेष खूण, लोपली. म्हणून ती लोपामुद्रा, असें सांगतात.

अर्थ गोड आहे; पण व्याकरण कुरकुरतें. 'लोप' आणि 'मुद्रा' यांचा समास 'लोपमुद्रा' असा व्हावयास हवा. मधला दीर्घ 'पा' या फोडीनें उलगडत नाहीं. त्याहून महत्त्वाचें म्हणजे हें नांव महाभारताच्या पुष्कळ आधीं ऋग्वेदांत आहे. पहिल्या मंडलाचें 179 वें सूक्त सहा ऋचांचें असून, परंपरेनें पहिल्या दोन ऋचा लोपामुद्रेच्याच मानल्या आहेत. चौथ्या ऋचेंत तिचें नांव प्रत्यक्ष येतें. तेथें ना विदर्भ आहे, ना प्राण्यांच्या अवयवांची कथा. अनेक वर्षें रात्रंदिवस कष्टल्यावर, वार्धक्य देहाची कांति हरण करतें, याची आठवण ती तपोमग्न पतीस देते व आपला संसाराचा हक्क स्पष्ट शब्दांत मागते. यावरून आम्हांस असें वाटतें कीं, कथेवरून नांव पडलें नसून नांवावरून कथा रचली गेली.

तथापि विदर्भानें तिजवरील माया सोडण्याचें कारण नाहीं. महाभारतांतील राजकन्याही मुकी नाहीं. वल्कलें नेसून ती पतीची सेवा करते. पण संतानाची वेळ येतांच पित्याच्या घरीं होतें तसें वैभव हवें, असें सांगते, आणि अगस्त्यांस धनासाठीं राजांच्या दारीं जावें लागतें. पुढें हजार पुत्र हवेत कीं हजारांस भारी असा एक, असें विचारतां ती एकच विद्वान् पुत्र मागते. पतीच्या इच्छेनें घडविलेली म्हणून जिची कथा सांगितली गेली, तिनें त्याच कथेंत आपली इच्छा गमावलेली नाहीं.

ललितासहस्रनामांत देवीस 'लोपामुद्रार्चिता' म्हटलें आहे. बंगालमध्यें हें नांव आजही ठेवतात; लोपामुद्रा मित्रा या तेथील प्रसिद्ध गायिका आहेत. मग जिला महाभारतानें विदर्भाची लेक म्हटलें, तिचें नांव विदर्भांतच अपरिचित कां असावें? एका अक्षरयोगास भिऊन आईबापांनीं तें टाकूं नये. कोशांत लोपाचा अर्थ कांहींही असो. या नांवाच्या स्त्रीचा शब्द मात्र सूक्तांत आणि कथेंत दोन्हीकडे टिकून राहिला आहे.