हरताळ फासण्यापूर्वी

जून महिना आला की पुस्तके घरे बदलतात. मोठ्या भावाचे पुस्तक धाकट्या बहिणीकडे येते. कोणी अर्ध्या किमतीत घेतो, कोणी शेजाऱ्याकडून मागून आणतो. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेकडील मुकुंदवाडीसारख्या कष्टकरी वस्तीत काय किंवा एखाद्या खेड्यात काय, शिकणाऱ्या मुलाला जुन्या पुस्तकाचा आधार फार मोठा असतो. पण पुस्तक उघडून पाहावे, तर एका पानावर शाईचा डाग, दुसऱ्यावर ओळींखाली निळ्या रेघा, समासात कोणीतरी लिहिलेला शब्दार्थ, आणि पहिल्या पानावर जुन्या धन्याचे नाव! हे सगळे पुसून पान स्वच्छ करावे, असे साहजिकच मनात येते. काय पुसावे आणि कशाने पुसावे, हा प्रश्न मात्र आजचा नाही. आपल्या पोथ्यांइतकाच तो जुना आहे.

आपण बोलताना सहज म्हणतो, ‘त्याने सगळ्या मेहनतीवर हरताळ फासला.’ बाजार बंद ठेवतात तो हरताळ वेगळा. हा हरताळ म्हणजे संस्कृतातील हरिताल, गंधक आणि सोमल यांच्या संयोगाने झालेले एक पिवळे खनिज. पोथी लिहिताना अक्षर चुकले, ओळ दोनदा लिहिली गेली, की नकलकार हे खनिज बारीक वाटून डिंकाच्या पाण्यात कालवी आणि त्या अक्षरांवर त्याचा लेप देई. पोथीचा कागद मुळातच पिवळसर, त्यामुळे लेप डोळ्यांना खुपत नसे. तो वाळला की त्यावर पुन्हा नवे अक्षर लिहिता येई. म्हणजे लिहिलेले नाहीसे करणे यासाठी जो शब्दप्रयोग होता, तोच पुढे केलेले काम मातीला मिळवणे या अर्थाने रूढ झाला. लेखणीच्या धंद्यातला शब्द असा शेतकऱ्याच्या तोंडी जाऊन बसला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हरताळाने अक्षर झाकले जाई, खरवडले जात नसे. यामागे कागदाचे आणि शाईचे कारण आहे. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या मध्ये कागझीपुरा नावाचे गाव आहे. महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी देवगिरीस आणली, तेव्हापासून येथे हातकागदाचा धंदा सुरू झाला, असे परंपरा सांगते. जुन्या पद्धतीचा हातकागद चिंध्यांच्या लगद्यापासून करीत, त्याला खळ देत आणि गुळगुळीत दगडाने घोटून तुकतुकीत करीत. पोथीची काळी शाई काजळी आणि डिंक यांची. अशी शाई घोटलेल्या कागदात फारशी मुरत नाही, ती वर बसते. ओली असताना ती पाण्याच्या बोटानेही पुसता येते. पण वाळल्यावर खरवडू लागले, तर कागदाची घोटाई जाते आणि तेथे पुढची शाई फुटते. म्हणून लेप देणे हाच शहाणपणाचा मार्ग होता.

पोथी किती निगुतीने करीत, हे पाहायचे असेल तर समर्थांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास काढावा. त्याचे नावच लेखनक्रियानिरूपण. बोरू, शाई, हिंगूळ, कागद यांची तजवीज तर त्यात आहेच. शिवाय पानाच्या चारी बाजूंना जागा सोडून मध्ये लिहावे, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर शाबूत राहील, असेही सांगितले आहे. कागद आज ना उद्या झिजणार, हे धरूनच ते लिहीत.

पण चुकीचे काय आणि बरोबर काय, हे ठरवायचे कोणी? याचे फार थोर उदाहरण मुकुंदवाडीपासून काही अंतरावर, पैठणला आहे. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये सिद्ध झाली. पुढे सुमारे तीनशे वर्षे नकलांवरून नकला होत गेल्या, आणि त्यांत अपपाठ शिरले. एकनाथ महाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ग्रंथाचे शुद्धीकरण केले. त्यांचा अधिकार केवढा! ते स्वतः ओवीचे सिद्धहस्त कवी. तरीही त्यांनी मूळ ग्रंथात आपली भर घातली नाही. उलट, यात कोणी आपली ओवी मिसळू नये, असा इशारा शेवटी दिला. जे परके ते काढायचे आणि जे मूळचे त्याला धक्का लावायचा नाही, हा त्यांचा दंडक.

छापील पुस्तके आली आणि शाईही बदलली. हिराकस आणि मायफळ किंवा हिरडा यांपासून केलेली शाई कागदाच्या तंतूंत शिरते आणि हवेने काळी पडते. तिच्यावर पाणी चालत नाही. मग माणसाने रसायनांचा आधार घेतला. शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला 1774 मध्ये क्लोरीन वायू सापडला. त्यानंतर तेराच वर्षांनी, 1787 साली, फ्रान्समध्ये शाप्ताल याने त्याच वायूच्या पाण्याने जुनी पुस्तके आणि छापील चित्रे पांढरी करण्याची रीत मांडली. छपाईची शाई काजळी आणि जवसाचे तेल यांची असल्याने ती टिकते, आणि हाताने लिहिलेले तेवढे उडते! हे जादूसारखेच वाटले. पण अशा पाण्याचा अंश कागदात राहिला, तर तंतू कमजोर होतात आणि काही वर्षांनी पान पिवळे पडून ठिसूळ होते. लोहाच्या शाईचा डाग ऑक्झॅलिक आम्लाने जातो, पण ते विषारी आणि कागदालाही मारक. बॉलपेनची तेलकट शाई स्पिरिटने विरघळते खरी. पण एका रेघेचा हातभर डाग होतो. आणि हरताळ? त्यात सोमल असल्याने त्याचा तर विचारही करू नये.

आता उलट बाजू पाहू. प्रत्येक खूण म्हणजे घाण नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले. तेथे जॉन ड्यूई त्यांचे गुरू. ड्यूई यांच्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ या 1916 च्या ग्रंथाची बाबासाहेबांची प्रत मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात जपलेली आहे, आणि तिच्यात त्यांनी ओढलेल्या रेघा आहेत. कोणत्या वाक्यापाशी हा वाचक थांबला, हे त्या रेघांवरून अभ्यासक आज शोधीत आहेत. ज्यांच्या संस्थेने 1950 साली आपल्या शहरात, आज मिलिंद या नावाने ओळखले जाणारे महाविद्यालय काढले, त्यांचे शिक्षण कसे घडले याचा पुरावा त्या रेघांत आहे. कोणी उत्साहाने ती पाने ‘स्वच्छ’ केली असती तर?

शिक्षक बंधुभगिनींनो, म्हणून मुलांना एवढे सांगावे. शाई नुकतीच सांडली असेल तर टिपकागदाने वरचेवर टिपावी, चोळू नये. पेन्सिलीच्या रेघा वाचनाच्या आड येत असतील तर मऊ रबराने, एकाच दिशेने, हलक्या हाताने काढाव्यात. वाळलेल्या शाईच्या वाटेला सहसा जाऊ नये. मजकूर वाचता येतो ना, मग डाग राहू द्यावा. ब्लीचिंगच्या पाण्याने पान पांढरे होईल, पण पुढच्या मुलाच्या हाती त्याचा चुरा येईल. आणि घरात आजोबांची पोथी, मोडीतले दप्तर, जुनी वही असेल, तर तिच्यावर कोणताच प्रयोग करू नये. तिच्या समासातले एखादे नाव, एखादी तिथी, पुढे गावाच्या इतिहासाला उपयोगी पडू शकते.

जुन्या धन्याचे नाव पहिल्या पानावर असेल, तर तेही खोडू नका. त्याच्या खाली आपले नाव आणि साल लिहा. दहा वर्षांनी त्या पानावर चार नावे असतील. एका पुस्तकाने किती जण शिकले, हे ते पान सांगेल.