महारेणूचा वाद

या व्यासपीठावरून बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा मला प्रथम आठवली ती प्रयोगशाळेतील बर्नरला जोडलेली रबरी नळी. ती ताणली की लांबे आणि सोडताच पूर्ववत होई. असे का होते, हे आम्ही कधी विचारले नाही. विचारले असते तरी तो प्रश्न लहान नव्हता. त्याच्या उत्तरासाठी रसायनशास्त्राला शंभर वर्षे लागली होती.

रबरात कार्बनचे पाच आणि हायड्रोजनचे आठ अणू या प्रमाणात असतात, हे फॅराडे यांनी १८२६ मध्ये दाखवले. १८३९ मध्ये गुडइयर यांनी गंधक व उष्णता देऊन ते टिकाऊ केले. १९०७ मध्ये बेकलंड यांनी फिनॉल व फॉर्मल्डिहाइडपासून बेकेलाइट बनवले. माल खपत होता. मात्र त्याचा रेणू कसा आहे याविषयी एकमत नव्हते. रबर, कापसातील सेल्यूलोज हे लहान रेणूंचे केवळ जुडगे होत, अशी प्रतिष्ठित समजूत होती. कार्ल हारीस यांच्या मते रबर म्हणजे आयसोप्रीनची लहान कडी, द्विबंधांच्या उरलेल्या आकर्षणाने एकमेकांना चिकटलेली.

१९२० मध्ये झुरिकच्या हेरमान श्टाउडिंगर यांनी याच्या नेमके उलट लिहिले. त्यांच्या मते हे घटक नेहमीच्याच रासायनिक बंधांनी एकामागून एक जोडलेले असून त्यांची फार लांब साखळी बनलेली असते. आज आपण ज्यांना बहुवारिके म्हणतो, त्यांची ही कल्पना.

त्यांनी योजलेली कसोटी मला अजूनही मोहक वाटते. द्विबंधांच्या आकर्षणानेच जुडगे टिकले असेल, तर हायड्रोजन देऊन द्विबंध नाहीसे करावेत. मग जुडगे सुटून सहज ऊर्ध्वपातित होणारे लहान रेणू मिळाले पाहिजेत. १९२२ मध्ये फ्रिट्शी यांच्यासह त्यांनी हा प्रयोग केला. हायड्रोजन दिलेले रबर ऊर्ध्वपातित झाले नाही. त्याचे द्राव पूर्वीसारखेच कलिली राहिले. साखळी तुटली नव्हती. महारेणू हा शब्द याच निबंधातून पुढे आला.

तरीही विरोध ओसरला नाही. क्ष-किरणांनी मोजलेले स्फटिकातील एकक लहान असते, मग रेणू त्याहून मोठा कसा, असा आक्षेप निघाला. साखळी अनेक एककांतून आरपार जाऊ शकते, हे पुढे मान्य झाले. हाइनरिख व्हीलांड यांनी तर स्नेहाने सल्ला दिला की ही कल्पना सोडा, रबर नीट शुद्ध करा, म्हणजे ते स्फटिकरूप होईल. ही हकिगत श्टाउडिंगर यांनीच आपल्या आठवणींत नोंदवली आहे.

वाद मिटवण्याचा दुसरा मार्ग अमेरिकेत निघाला. १९२८ मध्ये ड्यू पाँटमध्ये आलेल्या वॉलेस कॅरदर्स यांनी ठरवले की ज्या अभिक्रियांविषयी शंका नाही, त्यांनीच साखळी एकेक दुवा जोडत बांधायची. प्रत्येक जोडणीत पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि ते पाणी तेथेच राहिले तर साखळी वाढत नाही. ही साधी अडचण दूर करण्यात बराच काळ गेला. १९३० मध्ये निर्वातात पाणी काढून घेताच त्यांचे सहकारी ज्यूलियन हिल यांना बारा हजारांवर रेणुभार मिळाला. थंड झालेला धागा ओढला की तो अधिक बळकट होई. प्रत्येकी सहा कार्बन असलेल्या दोन घटकांपासून नायलॉन २८ फेब्रुवारी १९३५ रोजी तयार झाले.

रबराच्या झाडात अर्थात अशी कढई नसते. तेथे विकरे पाच-पाच कार्बनांचे फॉस्फेटयुक्त घटक साखळीला जोडत जातात. अशा गुंतलेल्या साखळ्या ताणल्यावर सरळ होतात, आणि गंधकाचे सांधे त्यांना सोडताच पुन्हा मूळ जागी आणतात. नळीचे कोडे एवढेच होते.

कॅरदर्स यांनी एप्रिल १९३७ मध्ये आत्महत्या केली, तेव्हा ते अवघे एक्केचाळीस वर्षांचे होते. नायलॉन ऑक्टोबर १९३८ मध्ये जाहीर झाले. श्टाउडिंगर यांना नोबेल पारितोषिक १९५३ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी मिळाले. सल्ला देणाऱ्या व्हीलांड यांच्याकडे ते १९२७ चे होते.